लव्हेलच्या ‘नको’चा कागद

वय विचाराल तर माझं वय पंधरासुद्धा नाही, मित्रांनो. पण कागदाच्या जातीत तेवढ्यात म्हातारपण येतं. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि टाचणी लागली होती तिथे गंजाचा डाग आहे. मी नोट नाही, प्रेमपत्र नाही, कोणाच्या परीक्षेचा निकालही नाही. मी एक ‘नको’ आहे. एका माणसाने एका दुपारी हसत हसत ‘नको’ म्हटलं आणि ते माझ्यावर लिहून घेतलं गेलं, एवढाच माझा जन्म. त्या ‘नको’पायी पुढे त्याच माणसाचा उजवा हात गेला. म्हणून मला बोलायचं आहे.

माझं मूळ पाइनच्या झाडात. झाड पडलं, गिरणीत त्याचा लगदा झाला, लगद्याचे ताव झाले, आणि राज्याच्या राजधानीतल्या एका छापखान्यात आम्हां शंभर भावंडांवर एकच मजकूर छापून आमचा गठ्ठा बांधला गेला. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरं, मुंग्यांची रांग चालावी तशी. तिथून आम्ही आलो टकर्स बेंडला. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या काळ्या मातीत कापसाची शेतं आणि माशांची तळी यांच्या मधोमध ते गाव आहे. पशुखाद्याच्या दुकानाला लागून एक छोटं ऑफिस, दारावर पाटी: ओथा पिंकस्टन, विमा एजंट.

आता मी नेमका कशाचा कागद, ते सांगतो. रस्त्यावर गाडी काढायची तर तिचा विमा हवा, असा तिथला कायदा. पण कायदा केला म्हणून सगळे पाळतात असं थोडंच आहे? कोणी हप्ता चुकवतो. कोणी महिनाभराचे पैसे भरून कार्ड मिळवतो आणि पुढे भरणं सोडून देतो. कोणाचा विमा असतो, पण तोकडा. पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे. असा माणूस तुमच्यावर येऊन आदळला तर दवाखान्याचं बिल कोण देणार? त्याची सोय म्हणून आपल्याच विम्यात एक जादा कलम घेता येतं. मग समोरच्याच्या खिशात काही नसलं तरी तुमची स्वतःची कंपनी तुम्हाला पैसे देते. हे कलम प्रत्येक गिऱ्हाइकाला देऊ करायलाच लागतं, आणि ज्याला नको असेल त्याने तसं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. सही नसेल तर कलम आहे असंच धरतात. ती सही घेणारा कागद म्हणजे मी.

ओथाभाऊंबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, नाहीतर तुम्ही त्यांना दुष्ट समजाल. दुष्ट ते अजिबात नव्हते. चर्चमध्ये ते डीकन, म्हणजे पहिल्या बाकावर बसणारे, आजाऱ्याच्या घरी सूप पोचवणारे, मयताला खांदा द्यायला पुढे होणारे वडीलधारे. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं. त्यांच्या लहानपणी दर शनिवारी घरोघर एक विमेवाला यायचा. मेल्यावरच्या खर्चाचा विमा, आठवड्याला थोडी थोडी नाणी. पैसे नसले की ओथाभाऊंची आई दारामागे लपायची आणि पोरांना सांगायची, आई घरात नाही म्हणून सांगा. विमेवाला मात्र दारात बूट अडकवून उभा राहायचा. तो बूट ओथाभाऊ जन्मभर विसरले नाहीत. स्वतः एजंट झाले तेव्हा त्यांनी शपथच घेतली, की आपण आपल्या माणसांच्या दारात कधी बूट अडकवायचा नाही. ज्याला जे हवं ते द्यायचं, वर एक शब्द बोलायचा नाही. शपथ चांगली होती. माझ्या मालकाला तीच भोवली.

माझा मालक लव्हेल स्टॅम्प्स. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तेविशीतला होता, नुकतंच केस कापायचं दुकान टाकलेलं, शिंप्याच्या गळ्यात टेप असावी तसा गळ्यात पांढरा टॉवेल तसाच विसरून आलेला. बाहेर त्याचा ट्रक उभा होता. त्याचं एक दार दोरीने बांधलेलं होतं. त्या ट्रकचा विमा काढायला तो आला होता. चार कागदांवर त्याने सह्या केल्या आणि पाचवा मी पुढे आलो.

“हे आणखी काय, ओथाभाऊ?”

“हे एक जादा कलम. समोरच्याकडे विमा नसला किंवा कमी पडला तर.”

“पण विमा सगळ्यांकडे असतोच ना? कायदाच आहे.”

“कायदा आहे खरा.”

“मग कायदा मोडणाऱ्यांची भरपाई मी का करायची? आणि माझ्या ट्रकला कोणी धडकलं तर ट्रकचं भलंच होईल. दार तरी बसेल नीट.”

ओथाभाऊ हसले. “महिन्याला फार नाही रे. एका माणसाच्या केसांचे तुझे जेवढे होतात, तेवढेच.”

“एक डोकं म्हणजे एक डोकं, भाऊ. सध्या दिवसाला चारच येतात, त्यातलं एक फुकटातलं मामाचं.”

ओथाभाऊंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बुधवार होता, गायकांच्या सरावाला त्यांना चर्चमध्ये जायचं होतं. बरं, वर बोलायचं नाही ही शपथ होतीच. त्यांनी पेन पुढे केलं आणि म्हणाले, “मग इथे खाली सही कर, झालं.” लव्हेलने केली. मला त्याने वाचलं नाही, आणि ओथाभाऊंनी वाचून दाखवलं नाही. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. उलट आनंद झाला, खोटं कशाला बोलू? कोऱ्या फॉर्मला सही मिळणं म्हणजे आमच्यात लग्न लागण्यासारखं असतं.

ऑफिसात ओथाभाऊंची मावशी काम करायची, व्हर्डीन तिचं नाव. कागद लावण्यात तिचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. तिने मला उचललं, कडा जुळवल्या, टाचणी लावली आणि लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या खणात लव्हेलच्या फाइलमध्ये निजवलं. “माझ्या कपाटातून कागद हरवला असं कोणी म्हणून दाखवावं,” ती नेहमी म्हणायची. हे ऐकून आम्हां कागदांना मोठा धीर वाटायचा.

मग खणातली वर्षं सुरू झाली. अंधारात राहूनही मला लव्हेलचा संसार कळत गेला, कारण त्याच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट कागद होऊन माझ्या अंगावर येऊन पडायची. दोन वर्षांनी एक कागद आला, त्यावर ऑर्निसचं नाव होतं. लव्हेलचं लग्न झालं होतं. मग दोरीवाला ट्रक गेला आणि चांगला, निळा ट्रक आला. मग एका मुलीचं नाव, मग दुसरीचं. दरवर्षी विमा नवा व्हायचा आणि दरवर्षी मला वाटायचं, आता खण उघडेल, मला बाहेर काढतील आणि लव्हेलला विचारतील की बाबा रे, तेव्हा तू एकटा होतास, तुझ्या ट्रकचं दार दोरीने बांधलेलं होतं. आता बायको आहे, पोरी आहेत, चार जणांचं पोट तुझ्या दोन हातांवर आहे. अजूनही ‘नको’च का? पण कोणी विचारलं नाही. माझ्यावरची सही एकदाच घेतलेली, आणि ती पुढच्या प्रत्येक वर्षाला लागू पडत गेली. असा नियमच होता.

गंमत बघा, मित्रांनो. विचारायला वेळ नव्हता असंही नाही. ओथाभाऊ दर दुसऱ्या शनिवारी लव्हेलच्याच खुर्चीत बसून केस कापून घ्यायचे. मानेला पावडर लावून ऑफिसात परत यायचे आणि मावशीला सगळ्या गावच्या बातम्या सांगायचे. एकदा म्हणाले, “मावशी, आज लव्हेलला त्या कलमाचं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं.”

“मग?”

“त्याचा वस्तरा माझ्या गळ्यावर होता आणि तो पोरीच्या नाटकाचं सांगत होता. माणसाच्या दुकानात बसून त्याच्यापुढे आपलं दुकान कसं मांडायचं?”

“आणि चर्चमध्ये?”

“देवाच्या घरात विमा विकू?”

“मग आता स्वर्गात गाठ पडेल तेव्हा विचार,” मावशी म्हणाली आणि तिने खण धाडकन बंद केला. माझ्या वाट्याचा उजेड तेवढाच होता.

लव्हेलच्या हाताची कीर्ती मला अशीच बाहेरच्या बोलण्यातून कळायची. त्याच्या उजव्या हाताला गावात नाव होतं. रडणारं पोर त्याच्या खुर्चीत बसलं की गप्प व्हायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवांची रांग लागायची. म्हातारे अंथरुणाला खिळले की तो वस्तऱ्याचा डबा घेऊन घरी जाऊन दाढी करून यायचा, आणि गेले की शेवटची दाढीही तोच करायचा, त्याचे पैसे घ्यायचा नाही. दिवसाला चार डोक्यांचं दुकान आता शनिवारी श्वास घ्यायला फुरसत नाही असं झालं होतं.

सहीला चौदा वर्षं झाली त्या ऑक्टोबरात, कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत, एका शुक्रवारी सकाळी लव्हेल दुकान उघडायला निघाला होता. कापसाच्या जिनिंगजवळच्या चौकात एक गाडी थांबायची पाटी न बघता सरळ आली आणि त्याच्या ट्रकवर आदळली. ट्रक विजेच्या खांबावर गेला. समोरचा पत्रा आत घुसला आणि लव्हेलचा उजवा हात त्यात चेचला गेला. जीव वाचला. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं जागेवर राहिली, पण त्यांत जीव राहिला नाही.

धडकणारा माणूस माशांच्या कारखान्यात रात्रपाळी करून घरी चालला होता. डोळा लागला म्हणाला. त्याच्या खिशात विम्याचं कार्ड होतं, पण विमा पाच महिन्यांपूर्वीच मेलेला. कार्ड तेवढं उरलं होतं. तो दवाखान्यात येऊन ऑर्निससमोर रडून गेला. त्याची गाडी सोडली तर त्याच्याकडे काही नव्हतं आणि गाडी आता गाडी राहिली नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

राजधानीच्या, म्हणजे जॅक्सनच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की नसा जोडता येतील, दोन ऑपरेशनं लागतील, पण सहा महिन्यांच्या आत. त्यानंतर बोटांतल्या स्नायूंना शिकवूनही काही कळायचं नाही. पहिल्या दिवशी जे करणं भाग होतं ते दवाखान्याने केलं होतं. पुढच्या ऑपरेशनांसाठी पैसे भरा नाहीतर कोणाची तरी हमी आणा, असं त्यांचं म्हणणं. एकट्याच्या दुकानावर जगणाऱ्या लव्हेलला आजारपणाचा विमा कधी परवडलाच नव्हता. चर्चने तीन शनिवार तळलेल्या माशांची ताटं विकली, सोबत कोबीची कोशिंबीर आणि पाव. बायाबापड्यांनी हात पोळून घेतले. जमलं ते अॅम्ब्युलन्स आणि पहिलं बिल यांतच गेलं. आता सगळ्यांच्या नजरा लव्हेलच्या स्वतःच्या विम्याकडे लागल्या. ते जादा कलम असलं तर हात वाचणार होता.

ओथाभाऊंनी कंपनीकडे अर्ज पाठवला. मी अजून कपाटात आहे की नाही, हे त्यांनी उघडून पाहिलं नाही. मी नसेन अशी त्यांची आशा असावी. डिसेंबरात कंपनीचं पत्र आलं. ओथाभाऊंनी ते मावशीला मोठ्याने वाचून दाखवलं. मुख्य कचेरी दुसऱ्या शहरात हलवताना जुन्या प्रती गहाळ झाल्या आहेत. गिऱ्हाइकाने कलम नाकारल्याचा मूळ कागद आपल्याकडे असल्यास दहा दिवसांत पाठवावा. नसल्यास तसं लिहून सहीनिशी कळवावं, म्हणजे कलम लागू धरून पैसे देण्यात येतील.

मावशी सवयीने उठली. अर्ध्या मिनिटात तिने मला शोधून काढलं आणि टेबलावर ठेवलं. चौदा वर्षांनी मी खणाबाहेर आलो. मग तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. ती खुर्चीत बसली.

“ओथा,” ती म्हणाली, “मी चौऱ्याहत्तरची आहे. म्हातारी बाई कागद हरवते. असं लिही.”

“मावशी, तुझ्या कपाटातून...”

“माझं कपाट गेलं चुलीत. लिही की म्हातारीला दिसत नाही, तिने कुठेतरी टाकला. वाटल्यास मला कामावरून काढलं असंही लिही.”

ओथाभाऊंनी कंपनीचं पत्र घडी करून खिशात ठेवलं. मी मात्र टेबलावर पडल्या पडल्या मनोमन म्हणत होतो, ऐका म्हातारीचं. मला फाडा. शेगडीत घाला, भिजवा, उंदरांना द्या. कागदाने असं मागू नये, जपलं जाणं हाच आमचा धर्म. पण त्या दिवशी मला माझ्या जन्माची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑर्निस आली. शाळेच्या स्वयंपाकघरात ती काम करायची. डोक्याची जाळीसुद्धा न काढता तशीच आली होती. ती बसली नाही.

“ओथाभाऊ, वकील म्हणतो, एक कागद आहे की नाही यावर सगळं आहे.”

“हो.”

“आहे?”

ओथाभाऊंनी मला तिच्याकडे सरकवलं. तिने मला हात लावला नाही. वाकून तारीख वाचली.

“तेव्हा तर मी त्याला ओळखतही नव्हते,” ती म्हणाली. “नंतर कधी विचारलंत त्याला?”

“नाही.”

“एकदाही?”

“ऑर्निस, मला लाज वाटायची. आपल्याच माणसाच्या गळ्यात पडून विमा विकायची...”

“लाज.” तिने तो शब्द चाखून बघितल्यासारखा उच्चारला. “चौदा वर्षं तुम्ही त्याच्या खुर्चीत बसलात. केस कापून झाले की तो तुमच्याकडून पैसे घ्यायचा ना, भाऊ? त्याला वाटली का कधी लाज? ते त्याचं काम होतं. हे तुमचं होतं.”

ऑर्निस दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, “कागद फाडा असं मी म्हणणार नाही. मला पोरींना तोंड दाखवायचंय. पण तो फाटला तर मी देवाला विचारणार नाही की कसा फाटला.” आणि ती गेली.

तीन दिवस मी टेबलावर होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी ओथाभाऊंनी ऑफिसचं दार आतून लावलं. मला दोन्ही हातांनी धरलं. त्यांचे अंगठे माझ्या वरच्या कडेवर आले, आणि मी फाटू लागलो. बोटभर फाटलो असेन. मित्रांनो, आयुष्यात मी इतका सुखी कधी झालो नव्हतो.

मग ते थांबले.

ते मावशीला म्हणाले, “उद्या या गावात कोणाचं घर जळेल, कोणाची गाडी जाईल. कंपनी मला विचारेल, हे खरं का? माझ्या एका शब्दावर लोकांना पैसे मिळतात, मावशी. तो शब्द एकदा खोटा पडला की या कपाटातला एकही कागद खरा राहणार नाही.”

“आणि तुझं लायसन्सही जाईल,” मावशी शांतपणे म्हणाली.

“तेही जाईल.”

ते सत्यासाठी थांबले की भीतीपोटी, हे मला आजही ठाऊक नाही. त्यांनाही असेल असं वाटत नाही. दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतं, एवढं मी खणात राहून शिकलो आहे. त्यांनी फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावली, मला लिफाफ्यात घातलं आणि स्वतः चालत पोस्टात नेऊन दिलं. मावशीने पत्ता लिहायला नकार दिला होता.

कंपनीच्या कचेरीत मी एका मोठ्या टेबलावर आठवडाभर होतो. तिथल्या माणसाने मला दिव्याखाली धरून पाहिलं, सही ताडून पाहिली, तारीख पाहिली. मग त्याने दोन पत्रं लिहिली. एक लव्हेलला, की आपण कलम नाकारल्याचा पुरावा मिळाला असून आपला अर्ज मंजूर करता येत नाही. दुसरं ओथाभाऊंना, की आपल्या कार्यालयातील नोंदी इतक्या वर्षांनंतरही उत्तम स्थितीत ठेवल्याबद्दल कंपनी आपलं अभिनंदन करते. आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढं एकदाच. त्या पत्रासोबत शिक्का मारून मला परत पाठवण्यात आलं. मावशीने ते पत्र वाचलं, चष्मा काढला आणि त्या दिवशी घरी निघून गेली.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. वकिलाने आणखी दोन दारं ठोठावून पाहिली आणि फी न घेता हात टेकले. दवाखान्याने हप्त्याने पैसे घ्यायला नकार दिला नाही, पण पहिला हप्ताच दुकान विकून येईल एवढा होता, आणि न्हाव्याच्या हाताशिवाय ते दुकान विकत घ्यायला कोणी पुढे येत नव्हतं. दरम्यान लव्हेलने डाव्या हाताने कापून पाहिलं. एका म्हाताऱ्याच्या कानाला कात्री लागली. म्हातारा म्हणाला, काही नाही रे बाळा, चालू दे. पण लव्हेलने टॉवेल झटकला, घडी केली आणि दुकानाला कुलूप लावलं. एप्रिल आला आणि सहा महिने भरले. त्या दिवशी काही घडलं नाही. तारीख बदलली, बस्स. आणि लव्हेलची तीन बोटं कायमची गेली.

ओथाभाऊंचे केस वाढत चालले होते. शेजारच्या गावात न्हावी होता, पण ते गेले नाहीत. चर्चमध्ये त्यांनी पहिला बाक सोडला आणि मागे खांबाआड बसू लागले. गावात कोणी त्यांना टाकून बोललं नाही. खरं वागला म्हणणारेही होते. पण खरं वागल्याचं सुख त्यांच्या आवाजात मला एक दिवसही ऐकू आलं नाही.

मे महिन्यात एका सकाळी लव्हेल ऑफिसात आला. दुकान विकलं होतं. आता माशांच्या तळ्यांवर दाणा टाकायच्या गाडीवर त्याला काम मिळालं होतं, तिथे एका हातावर भागायचं. जुनी गाडी घेतली होती आणि तिचा विमा हवा होता. उजवा हात त्याने खिशात ठेवला होता.

“बस,” ओथाभाऊ म्हणाले. “या वेळी विचारतो, लव्हेल. ते कलम...”

“आता विचारता?” लव्हेल जरासा हसला. “आता माझ्याकडे मोडायचं राहिलंय काय?”

“डावा आहे,” मावशी कपाटापासून म्हणाली.

लव्हेलने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “बरोबर आहे, मावशी. लिहा, भाऊ. घेतो ते कलम.” मग म्हणाला, “तो जुना कागद आहे का इथे?”

मावशीने मला आणून दिलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

“वाचून दाखवा,” लव्हेल म्हणाला.

“कशाला आता?”

“माझी सही आहे त्यावर. मी कशावर सही केली ते मला एकदा ऐकायचंय. सगळं, मागचंसुद्धा.”

ओथाभाऊंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. मला कोणी वाचतंय असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. विमा नसलेल्या चालकाकडून मला इजा झाल्यास. अपुरा विमा असलेल्या चालकाकडून मला इजा झाल्यास. माझा औषधोपचार, माझी बुडालेली कमाई. हा नकार पुढील प्रत्येक वर्षाला लागू राहील. मी कधीही, एका शब्दाने, हा नकार मागे घेऊ शकतो. इथे लव्हेलने डोळे मिटले. ओथाभाऊ पुढे जात राहिले आणि सहीच्या वरच्या शेवटच्या ओळीवर आले. “या कलमाचा अर्थ मला...” ते थांबले. पुन्हा सुरू केलं. “या कलमाचा अर्थ मला...” त्यांच्याने ती ओळ पुरी होईना.

लव्हेलने मान पुढे करून ती स्वतः वाचली. “या कलमाचा अर्थ मला नीट समजावून सांगण्यात आला आहे.”

लव्हेलने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“वाचायला चार मिनिटं,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “दाढीला याहून जास्त वेळ लागतो, ओथाभाऊ.”

नव्या कागदावर त्याने डाव्या हाताने सही केली. ओथाभाऊ टेबलावर डोकं ठेवून रडले, म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसे. लव्हेल निघता निघता त्यांच्यामागे थांबला. वाढलेल्या केसांतून, मानेवरून त्याने डाव्या हाताची बोटं एकदा फिरवली, कुठून कापायला घ्यावं हे बघताना न्हावी फिरवतो तशी. मग हात मागे घेतला आणि तळ्यावर कामाला गेला.

मी त्या दिवशी रद्द झालो. मित्रांनो, आता माझ्याने काही होण्यासारखं नाही. पण माझी भावंडं अजून छापली जात आहेत. त्यांतलं एखादं उद्या तुमच्यापुढे येईल, किंवा तुमच्या आईवडिलांपुढे येईल, आणि कोणीतरी घड्याळाकडे बघत म्हणेल, इथे खाली सही कर, झालं. तेव्हा पेन खाली ठेवा. मोठ्याने वाचा, नाहीतर वाचून दाखवायला सांगा. आणि जी माणसं तुमच्या जवळची आहेत, त्यांना विचारायला लाजू नका. परक्याला न विचारलेलं एखादे वेळी खपून जातं, आपल्या माणसाला न विचारलेलं त्याला भोगावं लागतं. माझ्यावर शेवटच्या ओळीत जे छापलं होतं ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्या खोलीत तेव्हा मला एकट्यालाच माहीत होतं. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.